जन्माचा दाखला आणि कादंबरी



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. शिक्षकाचं स्मरण करायचं तर एखाद्या प्रश्नाला भिडून करावं, असं मला वाटतं. म्हणून आज एक जुना प्रश्न घेऊन उभा आहे. कादंबरीकाराचं राजकारण नेमकं कुठे असतं? तो कोणत्या पक्षात आहे, कोणत्या पत्रकावर त्याची सही आहे, तुरुंगात गेला की नाही, यात असतं? की त्याने कोणाला आपल्या कादंबरीत माणूस म्हणून उभं केलं, यात असतं?

हा प्रश्न मी दोन महायुद्धांच्या मधल्या काळाला विचारणार आहे. नोव्हेंबर १९१८ ते सप्टेंबर १९३९. जेमतेम एकवीस वर्षं. त्या काळाकडे पाहताना दोन गावं नजरेसमोर ठेवणार आहे. एक बर्लिन, दुसरं आपलं पुणे. आणि माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तपासायला सोपं जाईल. त्या एकवीस वर्षांतलं सर्वांत घातक राजकारण कोणतं होतं? जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचं. कादंबरी मात्र माणसाला त्याच्या जगण्यातून ओळखते. तो काय करतो, कशाला भितो, कोणावर जीव लावतो, कुठे मोडतो, हे पानापानांतून पाहते. म्हणून जन्माच्या दाखल्याने ज्याच्यासाठी दार बंद झालंय, त्या माणसाला पुरतेपणी लिहिणारा कादंबरीकार राजकारणात उतरलेलाच असतो. मग तो व्यासपीठावर चढो, न चढो.

आता क्रमाने जाऊ.

पहिला मुद्दा जर्मनीचा. तिथे मान घराण्यातले दोन भाऊ होते, दोघेही मोठे कादंबरीकार. धाकटा थॉमस, थोरला हाइनरिख. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा थॉमस युद्धाच्या आणि बादशाहीच्या बाजूने उभा राहिला. लेखकाने राजकारणापासून दूर राहावं, असं सांगणारा जाडजूड ग्रंथ त्याने १९१८मध्ये काढला. हाइनरिख उलट टोकाला. वरच्यापुढे लोटांगण घालणारा आणि हाताखालच्याला तुडवणारा एक कारखानदार त्याने १९१४मध्येच लिहून पुरा केला होता. युद्धामुळे ती कादंबरी पुस्तकरूपाने यायला १९१८ साल उजाडलं. दोघा भावांनी कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग थॉमस बदलला. ऑक्टोबर १९२२मध्ये बर्लिनच्या बेथोव्हेन सभागृहात उभं राहून त्याने तरुणांना सांगितलं की हे नवं प्रजासत्ताक आपलं आहे, ते सांभाळा. तरुणांनी जमिनीवर पाय घासून नापसंती दाखवली. आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९३०मध्ये, त्याच सभागृहात तो पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात त्याला नोबेल मिळालं होतं. आणि महिन्याभरापूर्वीच्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाचे खासदार बारावरून एकशे सातवर गेले होते. त्याने मध्यमवर्गाला बजावलं की तुमची जागा आता समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या शेजारी आहे. नाझींच्या हस्तकांनी सभेत गोंधळ घातला. भाषण संपल्यावर त्याला मागच्या दाराने बाहेर काढावं लागलं.

विचार करा, श्रोतेहो. देशातला सर्वांत नावाजलेला कादंबरीकार, नोबेल मिळून एक वर्षही झालेलं नाही, आणि तो स्वतःच्या देशाच्या राजधानीत मागच्या दाराने बाहेर पडतो. फेब्रुवारी १९३३मध्ये तो व्याख्यानांसाठी परदेशी गेला आणि घरी परतलाच नाही. त्याच महिन्यात हाइनरिखला प्रशियन अकादमीतून बाहेर पडावं लागलं. १० मे १९३३ला बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, आणि ती पेटवणारे बहुतांशी विद्यार्थी होते. रेमार्कची युद्धविरोधी कादंबरी त्या आगीत गेली. ओस्कार मारिया ग्राफ नावाच्या बव्हेरियन कादंबरीकाराची पुस्तकं मात्र सुरुवातीला बंदीतून वगळली गेली होती. त्याने परदेशातून जाहीर निषेध केला की माझीही जाळा, तुमच्या शाबासकीची मला लाज वाटते. याला म्हणतात बाणा.

पण थॉमस मानची एक गोष्ट आपण विसरू नये. देश सोडल्यानंतर जवळजवळ तीन वर्षं तो नाझींविरुद्ध जाहीरपणे बोलला नाही. त्याची पुस्तकं जर्मनीत अजून विकली जात होती, वाचक तुटू नये असं त्याला वाटत होतं. १९३६मध्ये त्याने तोंड उघडलं. त्याच वर्षअखेर त्याचं नागरिकत्व गेलं आणि बॉन विद्यापीठाने दिलेली मानद डॉक्टरेटही काढून घेतली गेली. भाषणाचं असं असतं. ते लवकर झालं तर लोक पाय घासतात, उशिरा झालं तर ऐकणारे हद्दपार झालेले असतात.

कादंबऱ्या तोवर काय करत होत्या? आल्फ्रेड ड्योब्लिन हा बर्लिनच्या कामगार वस्तीतला डॉक्टर, जन्माने ज्यू. १९२९मध्ये त्याने तुरुंगातून सुटलेल्या एका मजुराला घेऊन अख्खं बर्लिन शहर कादंबरीत आणलं. लिओन फॉइश्टवांगरने तर १९३३ सालीच, हिटलर सत्तेवर आल्यावर काही महिन्यांतच, बर्लिनमधल्या एका ज्यू फर्निचर-व्यापारी कुटुंबावर ‘ओपरमान’ ही कादंबरी लिहून ॲमस्टरडॅममध्ये छापली. तिच्यात शाळेत जाणारा एक हुशार मुलगा आहे. नवा नाझी शिक्षक त्याच्या एका निबंधवजा भाषणावरून त्याला असा घेरतो, की मुलगा अखेर जीव देतो. जग अजून म्हणत होतं, थांबा, हा हिटलर निवळेल. कादंबरीने एका वर्गखोलीत पुढचं सगळं पाहिलं होतं.

आणि पुढे काय आलं? सप्टेंबर १९३५मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले. ज्यू कोण, हे ठरवताना माणसाचे आजी-आजोबा मोजायचे असा नियम झाला. चारांपैकी तीन ज्यू निघाले की झालं. तू काय शिकलास, कोणत्या आघाडीवर लढलास, कोणाचं भलं केलंस, काही विचारायचं नाही. तुझी आजी कोण, एवढंच सांग.

हा प्रश्न आपल्याला अनोळखी आहे का? तुझी आजी कोण?

इथे माझा दुसरा मुद्दा सुरू होतो, आणि त्यासाठी बर्लिनहून पुण्याला यायचं आहे. त्या काळात ही दोन गावं आपण समजतो तेवढी लांब नव्हती. बाबासाहेब आंबेडकर १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉन विद्यापीठात नाव घालून आले होते. मानची पदवी काढून घेणारं तेच विद्यापीठ. पनवेलचे गंगाधर अधिकारी बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून कम्युनिस्ट होऊन परतले आणि १९२९मध्ये मेरठ खटल्यात गेले. इरावती कर्वे १९२८ ते १९३० बर्लिनमध्ये संशोधन करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांनी शास्त्राचं बळ पुरवलं, त्यांतले हे एक प्रमुख. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच वेगळी आणि म्हणून त्याची बुद्धी वरची, अशा अर्थाचं गृहीतक त्यांनी या पुण्याच्या विद्यार्थिनीला तपासायला दिलं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा वांशिक फरक दिसत नाही, असं लिहून दिलं. गुरूच्या मनाविरुद्ध, परक्या देशात, पंचविशीच्या आत-बाहेरच्या वयात. इरावतीबाई कादंबरीकार नव्हेत. पण जन्मावरून माणूस मोजता येत नाही, हे त्यांनी शब्दशः मोजून दाखवलं.

आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर! केतकरांना आपण ज्ञानकोशापुरते ओळखतो. पण त्यांनी १९२६पासूनच्या दहा-बारा वर्षांत ‘परागंदा’, ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘गावसासू’, ‘ब्राह्मणकन्या’, ‘विचक्षणा’ अशा कादंबऱ्यांची रांग लावली. त्यांच्या पत्नी एडिथ कोन या जन्माने जर्मन ज्यू. १९२०मध्ये व्रात्यस्तोम विधी करून हे लग्न झालं आणि त्या शीलवतीबाई झाल्या. पुण्यात राहून त्यांनी विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला. पुढे मराठीत आत्मकथनही लिहिलं. म्हणजे पाहा, जर्मनीत ज्यांना परकं ठरवायची तयारी चालली होती, त्यांच्यातली एक बाई पुण्यात केतकरांच्या घरची गृहिणी होती, आणि तिचा नवरा कसोशीने जातीचा अभ्यास करून बसलेला, अमेरिकेत त्याच विषयावर ग्रंथ लिहिलेला माणूस होता.

अशा माणसाने १९३०मध्ये ‘ब्राह्मणकन्या’ लिहिली. नायिका कालिंदी. वडील ब्राह्मण, शिकलेले, सुधारक. पण तिच्या आईची आई लग्नाची बायको नव्हती. एवढं पुरलं. मुलगी हुशार आहे, स्वाभिमानी आहे; पण लग्नाच्या बाजारात, पंगतीत, कुजबुजीत तिची आजी सगळीकडे तिच्या पुढे चालते. न्यूरेंबर्गच्या पाच वर्षं आधी, पुण्यात बसलेला एक कादंबरीकार आजीवरून नातीची किंमत ठरवणाऱ्या समाजाचा हिशोब मांडत होता! आणि कालिंदी काय करते? ती रडत बसत नाही. जातीबाहेरच्या माणसाबरोबर बिनलग्नाचं राहायचं धाडस करते, त्यातून पोळते, आणि तरी पुन्हा उभी राहते. केतकरांची भाषा खडबडीत आहे, मध्येच समाजशास्त्राचं प्रवचन लागतं, टीकाकारांनी त्यांना कलावंत मानायला फार वेळ लावला. मला तो खडबडीतपणा प्रामाणिक वाटतो. त्यांना वाचकाला गुंगवायचं नव्हतं, जागं करायचं होतं.

तिसरा मुद्दा वादाचा आणि व्यासपीठाचा. या काळाचं नाव काढलं की आपल्याला फडके-खांडेकर वाद आठवतो. कलेसाठी कला की जीवनासाठी कला? ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत, कादंबरीचं तंत्र घोटून सांगत. वि. स. खांडेकर १९२०पासून शिरोड्याच्या शाळेत मास्तर. १९३०मध्ये त्याच शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समोर गरिबी, समोर लाठी, आणि त्यातून ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ आल्या. खांडेकरांनी ध्येयवादी तरुणाला मराठी घरात बसायला जागा करून दिली, हे त्यांचं मोठंच काम. एका पिढीला त्यांनी लाज वाटायला शिकवलं. स्वतःच्या सुखाची लाज. हे उपकार विसरता येणार नाहीत.

व्यासपीठाची आणि तुरुंगाची किंमत मोजणारेही होते. वामन मल्हार जोशी ‘विश्ववृत्ता’तल्या लेखापायी १९०८मध्येच सक्तमजुरीला गेले होते, पुढे त्यांनी ‘सुशीलेचा देव’ आणि ‘इंदू काळे व सरला भोळे’मध्ये स्त्रीला स्वतः विचार करणारी म्हणून उभं केलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिली. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते. एकीकडे द्वेषाचं सरकार स्थापन होत होतं आणि इकडे एक कैदी आईची माया लिहून काढत होता. त्या पुस्तकाला केवळ डोळ्यांतल्या पाण्यासाठी वाचणं हा गुरुजींवर अन्याय आहे. श्यामची आई मोळी विकायला आलेल्या थकलेल्या म्हातारीला हात द्यायला सोवळ्याओवळ्याची पर्वा न करता मुलाला पाठवते. जन्माचा दाखला तिथे एका आईच्या साध्या शब्दापुढे हरतो.

मामा वरेरकरांनी १९३३मध्ये ‘धावता धोटा’त गिरणगाव आणलं. पाच वर्षांपूर्वी, १९२८मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला होता, दीड लाखांच्या घरात कामगार बाहेर होते. तो सगळा मराठी मुलूख चाळींतून राहत होता. कोकणातून, घाटावरून आलेला. आणि बहुतेक मराठी कादंबऱ्यांची नायिका तेव्हा दिवाणखान्यात बसून पत्रं वाचत होती. वरेरकर कादंबरीला गिरणीच्या फाटकापर्यंत घेऊन गेले, याचं मोल मोठं आहे.

मग १९३८चं मुंबईचं साहित्य संमेलन. अध्यक्ष स्वातंत्र्यवीर सावरकर. त्यांनी साहित्यिकांना सांगितलं की लेखण्या मोडा आणि बंदुका हाती घ्या. सांगणारा माणूस अंदमान भोगून आलेला, स्वतः कवी, नाटककार, कादंबरीकार. आदल्याच वर्षी त्यांची ‘काळे पाणी’ कादंबरी आली होती. त्या वाक्यामागची तळमळ मी नाकारत नाही. गुलाम देशातल्या माणसाला शब्द अपुरे वाटणं स्वाभाविक होतं. पण मला विचारायचं आहे: लेखणी मोडली, तर ती बंदूक कोणावर रोखायची आणि कोणावर नाही, हे कोण सांगणार? जर्मनीतल्या तरुणांना तेव्हा बंदुका मिळाल्या होत्या. लेखण्या मोडून, पुस्तकं जाळूनच मिळाल्या होत्या.

इथे एक अप्रिय गोष्ट बोललीच पाहिजे. त्या दशकात आपल्याकडच्या शिकलेल्या वर्गात इटली-जर्मनीबद्दल कौतुक होतं. नागपूरचे डॉ. मुंजे मार्च १९३१मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटून आले होते. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, असा सोपा हिशोब अनेकांनी मांडला. शिस्त दिसत होती, संचलन दिसत होतं. त्या संचलनाखाली कोण चिरडलं जातंय, हे इथून दिसत नव्हतं. ते दाखवायला कोणीतरी हवं होतं.

आणि म्हणून माझा चौथा मुद्दा. आजचं सगळं बोलणं या मुद्द्यासाठी आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, साल १९३९.

बेडेकर चित्रपटाचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले होते. परतीच्या आगबोटीचा प्रवास त्यांच्या कादंबरीचा प्रवास झाला. त्या बोटीवर कोण आहेत? जर्मनीतून हाकललेले ज्यू. नोव्हेंबर १९३८मध्ये तिथे सिनेगॉग पेटले, दुकानं फुटली, हजारो लोक छळछावण्यांत गेले. त्याआधी जुलैत एव्हियाँला बत्तीस देशांची परिषद बसली होती, आणि जवळजवळ कोणीही आपलं दार मोठं उघडायला तयार नव्हतं. उरला तो अतिपूर्वेचा रस्ता. बोट मुंबईवरून पुढे जाणार. तिच्यावर हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी आणि चक्रधर विध्वंस हा मायदेशी निघालेला मराठी तरुण भेटतात. दिवस मोजके. बंदर ठरलेलं. प्रेम होतं, पण त्या प्रेमाला उतरायला जमीन नाही. चक्रधर मुंबईला उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही. पुढे ती समुद्रात जीव देते.

कथा एवढीच. दीडशे पानांच्या आतली. व्याख्यान नाही, पक्ष नाही, घोषणा नाही. पण ती वाचलेल्या माणसाला हिटलरचं कौतुक पुन्हा तोंडावर आणणं कठीण आहे. कारण आता त्याला हॅर्टा माहीत आहे. तिचा राग, तिचं हसणं, तिची हट्टी भूक, सगळं माहीत आहे. आणि चक्रधर? तो आपल्यातलाच एक आहे. भला आहे, संवेदनशील आहे, प्रेमाने एकदा पोळलेला आहे, आणि नेमक्या क्षणी हात पुढे करायला कचरतो. बेडेकरांनी जर्मनांना दोष देऊन आपल्याला सोडून दिलं नाही. बोटीवरून उतरून घरी जाणाऱ्या माणसालाही त्यांनी जाब विचारला. जगातल्या फार थोड्या भाषांना असं म्हणता येईल की महायुद्धाच्या उंबरठ्यावर, युरोपातल्या निर्वासित ज्यूंची वेदना आमच्या एका कादंबरीने घरात आणली. मराठीला म्हणता येतं. त्या वेळच्या वाचकाने तिला फारसा मान दिला नाही. बेडेकरांनी पुन्हा कादंबरी लिहिली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. बेडेकरांच्या पत्नी मालती बेडेकर. त्यांना तुम्ही विभावरी शिरूरकर या नावाने ओळखता. १९३३मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’मधून शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, घराचा गाडा ओढणाऱ्या मुलींचं मन त्यांनी उघडं केलं तेव्हा महाराष्ट्रात काहूर उठलं, ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्याच बाई १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम करत होत्या. सोलापुरात त्या भागाला लोक सेटलमेंट म्हणतात. १८७१पासूनच्या कायद्यांनी इंग्रजांनी पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा अनेक जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. मूल जन्मलं की गुन्हेगार. तारेच्या कुंपणात राहायचं, हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. त्या अनुभवातून १९५०मध्ये ‘बळी’ ही कादंबरी आली.

लक्षात घ्या. नवऱ्याच्या कादंबरीत जर्मनीने जन्मावरून बाहेर फेकलेली मुलगी. बायकोच्या कादंबरीत आपल्याच सोलापुरात जन्मावरून कुंपणात घातलेली माणसं. एकाच घरात ही दोन पुस्तकं जगली. दोन्ही अन्याय सारखे होते असं मी म्हणत नाही. जर्मनीत लाखो माणसांचा ठरवून संहार झाला, त्याची तुलना कशाशीही करू नये. पण दोन्हींच्या मुळाशी एकच विचार होता की माणूस काय आहे हे तो जन्मतानाच ठरतं. आणि दोन्हींना कादंबरीने एकच उत्तर दिलं: जरा जवळ या आणि या माणसाला पाहा. दूरच्या अन्यायावर हळहळणं सोपं असतं. बोटीवरची हॅर्टा आपल्याला रडवते. ‘बळी’तला, सेटलमेंटमधला आबा आपल्याला लाजवतो. म्हणून ‘रणांगण’ वाचणाऱ्या प्रत्येकाने पाठोपाठ ‘बळी’ वाचावी, असा माझा आग्रह आहे.

पाचवा मुद्दा उणिवेचा, आणि तो टाळला तर आजचं बोलणं खोटं ठरेल. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. १९३०मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. जन्माच्या दाखल्याविरुद्धचा त्या काळातला सर्वांत मोठा लढा मराठी मुलखात, मराठी भाषेत, मराठी माणसांनी लढला. आणि त्या काळच्या नावाजलेल्या मराठी कादंबऱ्यांच्या मध्यभागी ते तळं कुठे आहे? अस्पृश्य माणूस त्यांच्यात येतो तो बहुधा कोणा ध्येयवादी नायकाच्या दयेचा विषय म्हणून. स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या रागाने चालणारा माणूस म्हणून तो क्वचितच येतो. हे का झालं? कादंबरीकार वाईट होते म्हणून नव्हे. खांडेकर, वरेरकर, केतकर ही मनापासून सुधारणेची माणसं. पण लिहिणाऱ्यांचा मोहल्लाच एक होता. महाडचा खरा लेखक तेव्हा कादंबरीत नव्हता. तो ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारता’च्या अग्रलेखांत होता.

कादंबरीत तो यायला वेळ लागला. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे याच दोन युद्धांच्या मधल्या काळात वाढले, पोटासाठी मुंबईला चालत आले, गिरणीत राबले. १९४३मध्ये त्यांनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला. शाळेत धड न गेलेला हा माणूस डफावर नाझी जर्मनीच्या पराभवाचं गाणं गात होता. आणि १९५९मध्ये त्यांची ‘फकिरा’ आली. तिच्यातही गुन्हेगार ठरवलेल्या मांगांची हजेरी आहे. पण इथे ती देणारा माणूस मान वर करून उभा आहे. अण्णा भाऊंनी ती कादंबरी अर्पण केली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. वीस वर्षांपूर्वी लेखण्या मोडायला सांगितलं गेलं होतं, त्या भाषेत. पुढे १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’, १९८७मध्ये लक्ष्मण गायकवाडांचा ‘उचल्या’ आला, आणि कुंपणाच्या आतला माणूस स्वतःच बोलू लागला.

आता एकदा सगळं गोळा करतो. जर्मनीत आपण पाहिलं की कादंबरीकाराने व्यासपीठावर चढणं गरजेचं होतं, ते धैर्याचं होतं, आणि तरी ते पुरलं नाही. केतकरांकडे पाहिलं की आजीवरून नात मोजण्याचा रोग आपल्या घरचाच आहे. फडके-खांडेकरांच्या काळात पाहिलं की ध्येयवाद खरा होता, पण त्याची नजर जवळच्या वस्तीपर्यंत पोचायला कचरत होती. बेडेकर पती-पत्नींकडे पाहिलं की दूरचा आणि जवळचा अन्याय एकाच घरातून लिहिता येतो. आणि महाडकडे पाहिलं की ज्याचा अन्याय त्याच्या हातात लेखणी आल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही.

शेवटी वाघोलीबद्दल बोलतो, कारण इथे बोलतोय. जाधवरावांचा इतिहास आणि वाघेश्वराचं देऊळ असलेलं हे गाव २०२१मध्ये पुणे महापालिकेत आलं. एका बाजूला उंच सोसायट्या आणि आयटी पार्कला जाणाऱ्या गाड्या. दुसऱ्या बाजूला दगडखाणी. या खाणींतल्या खडीने अर्धं पुणे बांधलं. इथे मराठवाड्यातून, कर्नाटकातून, त्याहून लांबून आलेली माणसं दगड फोडतात. त्यांच्या मुलांसाठी खाणीवरच पाषाण शाळा काढाव्या लागल्या. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर उघड्यावर पडलेली मुलंही याच गावात शिकायला आणली गेली. आणि आजही एखादं पारधी कुटुंब पालं ठोकून उतरलं की आसपास पहिली चौकशी कशाची होते, हे मी सांगायला नको. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२मध्ये गेला. चौकशी गेली नाही.

तर मग वाघोलीची कादंबरी कोण लिहील? सोसायटीच्या सातव्या मजल्यावरून खाणीची धूळ पाहणारा कोणी लिहील, तर ती लिहावी. बेडेकरही बोटीवर प्रवासीच होते. पण पाषाण शाळेतून शिकून बाहेर पडलेली एखादी मुलगी आज वीस-बावीस वर्षांची असेल. तिला काय ठाऊक आहे, ते आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. संयोजकांना माझी विनंती आहे की या गावात एक वाचनवर्ग सुरू करा. ‘ब्राह्मणकन्या’, ‘रणांगण’, ‘बळी’, ‘फकिरा’, ‘उपरा’ अशा क्रमाने वाचा. सोसायटीतली माणसं आणि खाणीवरची तरुण मुलं एकाच खोलीत, एकाच सतरंजीवर बसून वाचा. त्यात मतभेद होतील, आवाज चढतील, होऊ द्या. आणि वर्षअखेरीला त्या मुलांना लिहायला सांगा. जे येईल ते छापा.

राजकारण्यांनी भाषणं करावीत, पक्षांनी पक्ष चालवावेत. कादंबरीकाराचं काम त्याहून हट्टी आहे. जन्माचा दाखला मागणाऱ्या प्रत्येक हाताला त्याने अख्खं आयुष्य दाखवायचं असतं. ते आयुष्य वाचायची तयारी ठेवणं हे तुमचं-माझं काम आहे, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या त्या एकवीस वर्षांनी शिकवलेला धडा असा की हे काम संकट दारात येण्याआधी करावं लागतं.